चाकांवरची बैठक

२०२३ च्या उन्हाळ्यात मी माझ्या थोरल्या बहिणीकडे, आपाकडे, दीड महिना राहून आलो. आपा लग्न होऊन १९८२ साली अमेरिकेत गेली, ती मिशिगन राज्यात. दुल्हाभाई तिथं मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेनं एक जुनं मोटरहोम विकत घेतलं. मोटरहोम म्हणजे आपल्या एसटीएवढी गाडी. फक्त आत बाकांच्या जागी संसार मांडलेला. गॅसची शेगडी, फ्रीज, मोरी, मागं पलंग आणि पुढं छोटीशी बैठक. त्यांची गाडी १९९८ सालची, बत्तीस फूट लांब. उन्हाळ्याचे तीन-चार महिने दोघं त्या गाडीतच राहतात. कधी तळ्याकाठी, कधी जंगलाच्या कडेला.

मी गेलो तेव्हा त्या घरात एक वाद चालू होता. वाद टीव्हीचा होता. कुठलं चॅनेल लावायचं हा नव्हे. टीव्ही कुठं लावायचा आणि आपण कुठं बसायचं, हा.

त्या गाडीत टीव्ही होता ड्रायव्हरच्या डोक्यावर, पुढच्या काचेच्या वरच्या कपाटात. सोफा डाव्या भिंतीला लागून आडवा. म्हणजे सोफ्यावर बसलं की तोंड समोरच्या खिडकीकडे आणि टीव्ही डाव्या हाताला, वर, छताजवळ. बातम्या बघायच्या तर मान डावीकडे वळवायची आणि वर उचलायची. आपाला मानेच्या मणक्याचं दुखणं. सात-आठ उन्हाळे तिनं अशी मान वाकडी करून काढले. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, “संध्याकाळी तुम्ही बसता कशा?” तेव्हा कुठं दोष उजेडात आला.

दुल्हाभाईंनी कागदावर आराखडा काढला होता. सोफा काढायचा, त्या जागी पाय लांब करता येणाऱ्या दोन आरामखुर्च्या टाकायच्या. समोरच्या खिडकीशी जेवायचं टेबल होतं, तेही काढायचं. तिथं कपाट करून खिडकीवरच मोठा टीव्ही पक्का बसवायचा. आपा सोफ्याला राजी होती. टेबलाला नव्हती. ती म्हणाली, “मुन्ना, तू सांग. टेबल गेलं तर आम्ही दोघं एकमेकांसमोर कधी बसणार?”

मी लेखक माणूस. स्क्रू-पान्ह्यातलं मला काही कळत नाही. पण मला प्रश्न पडला की, जिथं मान मोडते अशा जागी टीव्ही मुळात लावलाच का? मग मी तिथल्या ग्रंथालयात बसलो. हाती लागलेली हकिगत मोठी मजेदार आहे. ती तुम्हाला सांगावीशी वाटते.

घराला चाकं लावायची कल्पना टीव्हीपेक्षा जुनी. १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या प्रदर्शनात पियर्स-ॲरो कंपनीनं एक मोटार मांडली होती. तिची मागची बैठक उलगडली की बिछाना व्हायचा आणि ड्रायव्हरच्या पाठीमागून हात धुवायचं भांडं खाली उघडायचं. ती श्रीमंतांची चैन होती. सामान्य माणसाचं फिरतं घर पुढं आलं ते बहुधा मोटारीमागं ओढायच्या ट्रेलरच्या रूपानं. या घरांचा एकच हेतू होता, बाहेर बघणं. खिडक्या मोठ्या, आणि आतलं सगळं सामान बाहेर जाऊन बसायला सोयीचं.

टीव्हीची गोष्ट याच काळात दुसऱ्या रस्त्यानं चालली होती. १९३९ च्या न्यूयॉर्कमधल्या जागतिक प्रदर्शनात आरसीए कंपनीनं टीव्ही लोकांसमोर आणला. मग महायुद्ध आलं आणि सगळं थांबलं. १९५० साली अमेरिकेतल्या दहा घरांपैकी एखाद्याच घरात टीव्ही होता. १९६० साली तो दहापैकी जवळजवळ नऊ घरांत होता. दहा वर्षांत एवढा पालट! आणि टीव्ही घरात येऊन नुसता कोपऱ्यात बसला नाही. त्यानं सगळं घर आपल्याकडे वळवून घेतलं. पूर्वी खुर्च्या शेकोटीभोवती असत, नाहीतर एकमेकींसमोर. आता त्या एका रांगेत आल्या. १९५४ पासून स्वॉन्सन कंपनीचं ‘टीव्ही डिनर’ देशभर मिळू लागलं. तयार जेवणाचं ताट गरम करायचं, मांडीवर घ्यायचं आणि पडद्यासमोर बसायचं. १९५५ मध्ये झेनिथ कंपनीच्या युजीन पॉली यांनी बिनतारी रिमोट केला. खुर्चीतून उठायचं शेवटचं कारणही गेलं.

खुर्चीचीही एक कथा आहे आणि ती आपाच्याच राज्यातली. मिशिगनमध्ये मन्रो नावाचं गाव आहे. तिथं एडवर्ड नॅबुश आणि एडविन शूमेकर या दोन चुलतभावांनी १९२८ मध्ये मागं कलणारी एक लाकडी खुर्ची बनवली. ती ओसरीवर, अंगणात ठेवायची होती. गिऱ्हाइकं म्हणाली, हिला गादी लावा, म्हणजे बारा महिने घरात वापरता येईल. त्यातून ‘लेझी बॉय’ हा प्रसिद्ध कारखाना उभा राहिला. माणसानं बाहेरचा वारा खावा म्हणून केलेली खुर्ची घरात आली आणि पुढं टीव्हीसमोर जाऊन बसली.

या दोन गोष्टी, चाकांवरचं घर आणि टीव्ही, एकत्र आल्या त्या एका रस्त्यावर. १९५६ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी महामार्गांच्या कायद्यावर सही केली. एक्केचाळीस हजार मैलांचे रस्ते बांधायचे ठरले. रस्ते झाले तशी घरं निघाली. मिशिगनच्याच रे फ्रँक या गृहस्थांनी १९५८ मध्ये आपल्या कुटुंबासाठी ट्रकच्या सांगाड्यावर घर बांधलं. पुढं त्यांनी तशा गाड्या विकायला काढल्या. ‘मोटर होम’ हा शब्द रूढ करण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. १९६६ पासून आयोवा राज्यातल्या फॉरेस्ट सिटी या लहानशा गावात विनेबागो कंपनी अशा गाड्या कारखान्यातल्या पट्ट्यावर, एकामागून एक, तयार करू लागली. किमती उतरल्या. शेतकरी, शिक्षक, निवृत्त कामगार यांनाही चाकांवरचं घर परवडू लागलं.

गंमत अशी की, मोटरहोममध्ये टीव्हीचं बस्तान बसण्याच्या सुमारास मोटरहोमच टीव्हीत जाऊन बसलं होतं. १९६७ मध्ये सीबीएस वाहिनीचे वार्ताहर चार्ल्स कुराल्ट एक मोटरहोम घेऊन निघाले. मोठे रस्ते टाळायचे, आडगावच्या साध्या माणसांना भेटायचं आणि त्यांची गोष्ट बातम्यांत सांगायची, असा त्यांचा नेम. ‘ऑन द रोड’ हा त्यांचा कार्यक्रम वर्षानुवर्षं चालला आणि सहा गाड्या झिजल्या. त्यांची शेवटची गाडी आज मिशिगनमधल्या डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयाच्या संग्रहात आहे. लोक घरी आरामखुर्चीत बसून फिरत्या घराची सफर बघत होते. त्यातल्या कित्येकांनी पुढं तशी गाडी घेतली आणि त्या गाडीत बसायला तीच आरामखुर्ची हवी म्हणाले!

आता आपाच्या मानेकडे येऊ. जुना टीव्ही म्हणजे काचेची एक प्रचंड नळी. मागून इलेक्ट्रॉनचा झोत सुटायचा आणि पुढच्या काचेवर चित्र उमटायचं. पडदा जेवढा रुंद, तेवढी मागची नळी लांब. सत्तावीस इंची टीव्ही दीड फुटाहून जास्त खोल आणि वजनाला चाळीस किलोच्या घरात. असा धोंडा आठ फूट रुंदीच्या गाडीत ठेवायचा कुठं? भिंतीला लावला तर जायची वाट अडली. पलंगाच्या पायथ्याशी ठेवला तर बैठकीत दिसेना. गाडीत अशी एकच मोकळी, खोल जागा होती. ड्रायव्हरच्या डोक्यावरची, काचेच्या वरची. तिथं कपाट होतंच. तिथं टीव्ही गेला. बसणाऱ्याच्या मानेचा हिशेब त्यात कुणी केला नाही. जागेचा हिशेब मात्र चोख होता.

१९९० च्या सुमारास न्यूमार कंपनीनं गाडीच्या भिंतीचा एक भाग ड्रॉवरसारखा बाहेर सरकवायची युक्ती आणली. गाडी उभी केली, बटण दाबलं की बैठक दोन-तीन फुटांनी रुंद. पण टीव्ही वरच राहिला. तो खाली आला पडदा चपटा झाल्यावर. २००७ च्या अखेरीस जगात चपट्या एलसीडी टीव्हींची विक्री जुन्या नळीच्या टीव्हींपेक्षा जास्त झाली. १२ जून २००९ रोजी अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांनी जुन्या पद्धतीचं प्रक्षेपण बंद केलं, तेव्हा उरलेल्यांनाही नवा टीव्ही घ्यावासा वाटला. चार इंच जाडीचा टीव्ही कुठल्याही भिंतीवर मावतो. नव्या गाड्यांत तो सोफ्यासमोर, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला आला. आणि जुन्या गाडीवाल्यांनी करवती काढल्या. डोक्यावरचा खड्डा फळीनं बुजवायचा, तिथं पांघरुणं ठेवायची आणि बैठक नव्यानं मांडायची, हा तिकडं एक हौसेचा उद्योगच होऊन बसला.

पण गाडीतली बैठक बदलणं आपल्या दिवाणखान्यासारखं सोपं नाही, हे मी दुल्हाभाईंच्या हाताखाली पाना धरून शिकलो. दार सव्वादोन फुटांचं. पाठ सुटी होणारी खुर्चीच आत जाते. गाडीला वजनाची मर्यादा असते. ती आत चिकटवलेल्या पत्र्यावर लिहिलेली असते. शिवाय खुर्ची नुसती ठेवून भागत नाही. ब्रेक लागला तर ती धावत सुटेल, म्हणून ती तळाशी बोल्टनं आवळायची. भिंती पातळ, आत ॲल्युमिनियमची चौकट. ती सापडली तरच टीव्हीचा ब्रॅकेट धरतो. नाहीतर पहिल्याच खड्ड्याला टीव्ही खाली. सोफा उचलला तर खाली गरम हवेची नळी आणि चाकाचा उंचवटा निघाला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रवासातले पट्टे. ते टेबलाजवळच्या बाकांना होते. टेबल आणि बाक काढले असते, तर नातवंडांना चालत्या गाडीत बसायला एकही सुरक्षित जागा उरली नसती.

या शेवटच्या मुद्द्यावर दुल्हाभाई नरमले. पण आपाचा मुद्दा तो नव्हता, हे मला ठाऊक होतं. तो मला आमच्या मिरजेच्या घरापासून ठाऊक होता.

१९८६ साली आमच्या घरी काळा-पांढरा टीव्ही आला. लाकडी पेटी, सरकती दारं, त्यांना कुलूप. किल्ली अब्बांच्या खिशात. बैठकीत जागा एकच होती, कोनाड्याखालची. तिथं टीव्ही बसवला आणि मग बाकीचं घर हललं. दादीचा पलंग उंबऱ्याजवळ रस्त्याकडे तोंड करून असायचा. पडल्या पडल्या ती येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायची. भाजीवाली, पोस्टमन, शाळेतून परतणारी पोरं. तिला सगळ्यांची नावं पाठ, सगळ्यांचे ताप-खोकले पाठ. टीव्ही सगळ्यांना दिसावा म्हणून आम्ही तो पलंग फिरवला. तिचं डोकं दाराकडे आलं आणि तोंड टीव्हीकडे. १९८७ मध्ये रविवारी सकाळी ‘रामायण’ लागायचं. आमच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. दादीभोवती इतकी माणसं कधीच नव्हती आणि सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. तीही बघायची. तक्रार एकदाही केली नाही. पण तिची ती हाक बंद झाली. दोन वर्षांनी ती गेली. भाजीवाली दारात येऊन म्हणाली, “म्हातारीनं अलीकडं हाक मारायचं का सोडलं होतं? माझ्यावर रागावली होती का?”

आपा तेव्हा अमेरिकेत होती. हे तिनं पाहिलं नव्हतं. टेबलाचा वाद चालू असताना एका रात्री मी तिला ते सांगितलं. दुल्हाभाई शेजारीच आराखड्यावर वाकून बसले होते. ते काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते बाजारातून एक लोखंडी हात घेऊन आले. भिंतीला जोडायचा, तीन ठिकाणी वाकणारा. सोफा निघाला, दोन खुर्च्या बसल्या, टेबल आणि बाक जागच्या जागी राहिले. टेबलाच्या कडेच्या कपाटाला तो हात जोडला आणि त्याला टीव्ही. बघायचा तेव्हा तो ओढून खिडकीसमोर आणायचा. बरोबर आपाच्या डोळ्यांच्या उंचीला. झालं की ढकलून कपाटाला टेकवायचा आणि खिटी लावायची. प्रवासात तर ती लावावीच लागते. पन्नास-पाऊणशे डॉलरचा तो हात, आणि वाद मिटला.

त्या रात्री बातम्या संपल्यावर दुल्हाभाईंनी टीव्ही बाजूला ढकलला. मागं खिडकी होती, खिडकीत तळं होतं. आपानं टेबलावर तीन कप चहा ठेवला. ती म्हणाली, “मान दुखली नाही आज.”

आमच्या घरी तो पलंग तेव्हा जरा तिरका ठेवता आला असता. टीव्हीही दिसला असता आणि रस्ताही. अंदाजे वीतभराचा फरक. आम्हाला कुणालाच ते सुचलं नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)