नागरी रेडिओ पट्टातील नलिका विवर्धक

नागरी रेडिओ संचाच्या प्रेषकातून मिळणारी अल्प शक्ती निर्वात नलिकांच्या साहाय्याने वाढवून ती अँटेनाला पुरविणारे हे साधन होय. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९६० ते १९८० या काळात त्याचा, नियमांना डावलून, बराच प्रसार झाला. त्याचा इतिहास दूरचित्रवाणीशी निगडित आहे : ज्या संचांसाठी बनविलेल्या नलिकांवर तो उभा राहिला, त्याच संचांना त्याचा मोठा उपद्रव झाला.

फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने १९५८ मध्ये हौशी रेडिओ चालकांकडील २७ मेगॅहर्ट्‌झच्या आसपासचा पट्ट काढून घेतला आणि तेथील २३ वाहिन्या सामान्य नागरिकांसाठी खुल्या केल्या. शेतकरी, दुकानदार, वाहनचालक यांना काही किमी. अंतरावर बोलता यावे, एवढाच हेतू असल्याने प्रेषकाच्या अंतिम नलिकेला ५ वॉटपेक्षा अधिक शक्ती पुरविण्यास मनाई होती. तथापि १९५७–५८ मध्ये सूर्यावरील डागांचे प्रमाण पूर्वीच्या कोणत्याही नोंदलेल्या आवर्तनापेक्षा अधिक होते. अशा काळात आयनांबरामुळे या कंप्रतेच्या लहरी हजारो किमी. दूर जातात. जवळच्या संभाषणासाठी निवडलेल्या पट्टात दूरचे आवाज गर्दी करू लागले व त्यांवर मात करण्यासाठी शक्ती वाढविण्याची चढाओढ लागली. १९७३ चे तेलसंकट व १९७४ मध्ये लागू झालेली ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा यांमुळे मालमोटारींच्या चालकांत हे संच अतिशय लोकप्रिय झाले. १ जानेवारी १९७७ पासून वाहिन्या ४० करण्यात आल्या.

रंगीत दूरचित्रवाणी संचात चित्रनलिकेतील इलेक्ट्रॉन शलाका आडवी फिरविण्यासाठी ६एलक्यू६ यासारख्या दणकट नलिका वापरीत. क्षणभर मोठा विद्युत् प्रवाह देण्याची त्यांची क्षमता आणि दुरुस्तीच्या दुकानात सहज मिळणारा पुरवठा, यांमुळे अशा चार-सहा नलिका समांतर जोडून काहीशे वॉट शक्ती स्वस्तात मिळविता येई. तिचा लाभ मात्र वाटतो तितका नसे. ४ वॉटऐवजी १०० वॉट पाठविल्यास दूरच्या ठिकाणी क्षेत्राची तीव्रता केवळ पाचपट होते, आणि ऐकण्याच्या क्षमतेत तर काहीच वाढ होत नाही. शिवाय मर्यादेपलीकडे चालविलेला विवर्धक मूळ कंप्रतेच्या पटीतील लहरीही उत्पन्न करतो. २७ ची दुप्पट ५४ मेगॅहर्ट्‌झ, म्हणजे नेमकी अमेरिकी दूरचित्रवाणीच्या दुसऱ्या वाहिनीची सीमा. शेजाऱ्यांच्या पडद्यावरील चित्र त्यामुळे बिघडे. १९७८ मध्ये कमिशनने २४ ते ३५ मेगॅहर्ट्‌झमध्ये चालणाऱ्या बाह्य विवर्धकांच्या निर्मितीवर व विक्रीवर बंदी घातली. नागरी पट्टात ते वापरणे आजही बेकायदेशीर आहे. जुने विवर्धक संग्राहकांकडे आढळतात.

दीर्घकाळ पडून राहिलेला विवर्धक एकदम पूर्ण विद्युत् दाबाने सुरू करू नये. विद्युत् विच्छेद्य धारित्रांतील ऑक्साइडाचा थर दुर्बल झालेला असतो व ती तापून फुटू शकतात. नलिका काढून ठेवून, बदलत्या दाबाच्या रोहित्राने दाब काही तासांत हळूहळू वाढवीत नेतात. धारित्रे बदलणे अधिक श्रेयस्कर. येथील दाब अनेकदा ८०० व्होल्टच्या घरात असतो. प्लग काढल्यावरही धारित्रांत प्राणघातक भार टिकतो, कारण तो निचरून टाकणारा रोधक तुटलेला असू शकतो. म्हणून काही वेळ थांबून, निरोधक मूठ असलेल्या दांड्याने धारित्राचा भार जमिनीत सोडल्याखेरीज आत हात घालीत नाहीत. समांतर नलिका सारख्या गुणांच्या लागतात, अन्यथा सर्वांत जोमदार नलिका अधिक प्रवाह ओढून तांबडी होते. मेलनही काही सेकंदांतच उरकावे लागते. मेलन बिघडलेले असताना धनाग्र झपाट्याने तापते. काचेच्या आतील चंदेरी डाग पांढरा पडला असेल, तर हवा आत शिरली आहे असे समजून नलिका टाकून देतात.

दूरचित्रवाणी संच अर्धसंवाहकांवर चालू लागताच अमेरिकी कारखान्यांनी या नलिकांचे उत्पादन थांबविले. ज्यांचा साठा संपला, त्यांनी विवर्धकाची मांडणी बदलून ८११ए यासारख्या प्रेषक नलिका बसविल्या. त्यांचा तंतुदाब ६एलक्यू६ इतकाच असतो.