लाखोळीच्या वड्यापासून सोयाबीनच्या वडीपर्यंत

स्मरणिकेसाठी आपल्या भागातील आहाराच्या इतिहासावर लिहावे, असे भगिनींनी सुचविले. सणावारांच्या पक्वान्नांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. म्हणून मी येथे रोजच्या ताटाविषयी, आणि त्यातही दूधदुभते व मांसमासळी वगळून होणाऱ्या खाण्याविषयी लिहिणार आहे.

अशा खाण्याला इंग्रजीत ‘व्हीगन’ म्हणतात. हा शब्द १९४४ साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केला. शब्द नवा असला, तरी असे जेवण आपल्याकडे जुनेच आहे. आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. पण धान आणि तलाव ही या मुलखाची ओळख त्याहून कितीतरी जुनी. भात वा पेज, डाळ, पालेभाजी, जवसाची चटणी हे येथील गरिबाचे नित्याचे जेवण. तलावाची मासळी मिळाली तर खात. व्रत म्हणून ती सोडलेली नव्हती. दूध-तूप मात्र पुष्कळ घरांत औषधापुरतेच. मध्य भारतातील कित्येक आदिवासी समाजांत तर गाईचे दूध वासराचे, अशीच समजूत होती. मोहाची फुले वाळवून ती वर्षभर पुरवायची, बियांचे तेल काढायचे, अशी त्यांची व्यवस्था.

या ताटातील खरी कर्ती वस्तू म्हणजे लाखोळी. धान कापणीला येण्याच्या थोडे आधी, बांधीत ओल असतानाच, उभ्या पिकात लाखोळी किंवा जवस फेकून पेरतात. यालाच उतेरा म्हणतात. नांगरट नाही, पाणी नाही, खर्च जवळजवळ नाही. कोवळ्या पाल्याची भाजी होते. तीच वाळवून उन्हाळ्यासाठी ठेवता येते. दाण्याची डाळ होते आणि डाळीचे वडे. डाळ भिजवून जाडसर वाटायची. तीत लसूण, हिरवी मिरची, जिरे, कोथिंबीर घालायची, हातावर थापून तेलात तळायची. अंडे नको, दूध नको, दहीही नको. शंभर ग्रॅम लाखोळीच्या डाळीत सुमारे २८ ग्रॅम प्रथिने असतात. तुरीच्या डाळीत सुमारे २२. गरिबाच्या घरी दुधाची उणीव भरून काढणारी हीच डाळ होती.

परंतु या डाळीच्या नावावर मोठे दुःखही आहे. भावप्रकाश या वैद्यकग्रंथात हिच्या सेवनाने माणूस पंगू होतो असे सांगितले आहे. स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात सागर भागातील हकीकत दिली आहे. गव्हाचे पीक बुडाले, शेतात लाखोळी तेवढी उरली, लोकांनी तीच खाल्ली आणि तरणीताठी माणसे पायांनी अधू झाली. पुढे रेवा भागात वेठबिगारांना मजुरीत हेच धान्य मिळे, आणि तेथेही हा रोग पुष्कळ आढळला. दाण्यातील विषारी द्रव्य भारतीय शास्त्रज्ञांनी १९६४ साली वेगळे काढून ओळखले.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. आहाराचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक लाखोळीचाच असेल आणि असे काही महिने चालेल, तेव्हा हा धोका मोठा असतो. भात, भाजी, इतर डाळी यांच्या जोडीने अधूनमधून खाणाऱ्याची गोष्ट वेगळी. म्हणजे पाय गेले ते विषाने खरे, पण ते विष पोटात इतके गेले याचे कारण दारिद्र्य. ज्याच्या घरी दुसरे धान्य होते, त्याला ही डाळ फारशी बाधली नाही.

सरकारने १९६१ साली अन्नभेसळीच्या नियमांत या डाळीच्या विक्रीला बंदी करण्याची तरतूद केली. बंदी विक्रीला होती. घरच्या शेतात पिकवून घरी खाण्याला नव्हती. त्यामुळे पीक चालूच राहिले आणि माल आडमार्गाने बेसनात, तुरीच्या डाळीत मिसळू लागला. ज्या बाईने कधी लाखोळी विकत आणली नाही, तिच्याही भज्यांत ती अशी शिरली. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी ही बंदी उठावी म्हणून वर्षानुवर्षे झुंज दिली, आणि महाराष्ट्र शासनाने २००८ साली ती उठविली. तथापि २०११ च्या केंद्रीय नियमांत विक्रीबंदी कायमच राहिली. जानेवारी २०१६ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने रतन, प्रतीक व महातिवरा या कमी विषाच्या तीन वाणांना अनुकूल मत दिले. यांतील शेवटचे दोन आपल्या शेजारच्या रायपूरच्या कृषी विद्यापीठाचे.

आमच्या घरी सासूबाई ही डाळ गरम पाण्यात भिजत घालीत, ते पाणी फेकून देत आणि मगच शिजवीत. कारण विचारले तर ‘तिचा कैफ जातो’ एवढेच म्हणत. विषाचा पुष्कळसा अंश पाण्यात उतरतो, हे पुढे प्रयोगांतही दिसून आले. मात्र सगळे विष याने जात नाही, हेही सांगणे अवश्य आहे.

आता विकतच्या वस्तूंकडे वळू. पहिली आली ती वनस्पती तुपाची. डालडा १९३७ पासून बाजारात आला आणि दुधावाचून ‘तूप’ घरोघर पोचले. शुद्ध तुपातली भेसळ ओळखता यावी म्हणून वनस्पतीत तिळाचे तेल घालण्याची सक्ती झाली. पुढे या गोठविलेल्या तेलातील ट्रान्स चरबी हृदयाला घातक ठरली, आणि जानेवारी २०२२ पासून तिचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत आणावे लागले. आपले जवसाचे तेल मात्र या सगळ्या काळात मागे पडले.

दुसरी वस्तू सोयाबीन. गांधीजींनी १९१२ साली दूध सोडले होते. पुढे दुखण्यात बकरीचे दूध घेणे त्यांना भाग पडले. दुधाला पर्याय शोधण्याची तळमळ त्यांना कायम होती, आणि १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीन जेवणात घेऊन पाहण्यात आले. आज दुकानात मिळणारी सोयाबीनची वडी म्हणजे तेल काढून उरलेल्या पिठाची, दाब व उष्णता देऊन फुगविलेली वस्तू. तिच्यात निम्म्याच्या आसपास प्रथिने असतात. भिजवून, पिळून, वाटून, बेसनाची जोड दिली की तिच्याही टिकिया उत्तम होतात.

विकत घेताना पुडा वाचावा. हिरवा ठिपका शाकाहाराचा आहे. त्यात दुधाची भुकटी असू शकते. निव्वळ वनस्पतिजन्य पदार्थांसाठी केंद्राने २०२२ साली वेगळे नियम व वेगळे चिन्ह केले. शिवाय बी-१२ हे जीवनसत्त्व, जे १९४८ साली शास्त्रज्ञांनी वेगळे काढले, वनस्पतीत भरवशाने मिळत नाही. दूध पूर्ण सोडणाऱ्या भगिनींनी, विशेषतः गरोदर व अंगावर पाजणाऱ्यांनी, डॉक्टरांच्या सल्ल्याने ते वेगळे घ्यावे.

लाखोळीने शिकविलेला धडा सोयाबीनलाही लागू आहे. कोणतीही एक वस्तू कितीही गुणकारी असो, तिच्यावरच सारा भार टाकू नये. भाताला डाळ, डाळीला पालेभाजी, तिला जवस-तिळाची चटणी अशी जोड आपल्या आज्यांनी घालून दिलेली आहे. जिथे ती परवडली, तिथे माणसे धडधाकट राहिली. आपल्या गावात कोणाच्या ताटात आजही एकाच धान्यावर भागते, हे पाहणे मंडळाचे काम आहे असे मला वाटते.