तहानेचे फळ

सोलापूर जिल्ह्याची महती सांगू लागले, की चादर, शेंगांची चटणी आणि मंगळवेढ्याची ज्वारी यांची नावे आधी ओठांवर येतात. डाळिंब या मानकऱ्यांच्या पंगतीत फार उशिरा येऊन बसले. वर्षाकाठी जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या मुलखात इतके रसाळ फळ पिकावे, याचे पाहुण्यास नवल वाटते. परंतु या फळाचा येथील इतिहास हा तहानेचाच इतिहास आहे.

डाळिंब मूळचे इराण व त्याच्या आसपासच्या प्रदेशातले. संस्कृतातील ‘दाडिम’ आपल्या ‘डाळिंबा’त अजून ओळखू येते. महाराष्ट्रात पूर्वी आळंदीच्या डाळिंबांचा लौकिक होता. पण त्यांचे बी फार कठीण. 1936 साली डॉ. जी. एस. चीमा यांनी पुण्याच्या गणेशखिंड बागेत त्याच आळंदी वाणातून मऊ बियांचे झाड निवडून काढले. तेच पुढे ‘गणेश’ या नावाने घरोघर पोहोचले.

झाड मिळाले, तरी त्याला रान मिळावयास काळ जावा लागला. 1972 च्या दुष्काळाने सोलापूरकरांच्या हाती फावडी आणि पाट्या दिल्या. त्या दुष्काळी कामांतूनच रोजगार हमी योजना रुजली. 1990 साली राज्य सरकारने या योजनेशी फळबाग लागवडीची सांगड घातली, आणि सांगोल्याच्या हलक्या, मुरमाड जमिनीवर डाळिंबाच्या ओळी उभ्या राहू लागल्या. ठिबकने थेंबाथेंबाचा हिशेब शिकविला. पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘गणेश’ आणि ‘गुल-ए-शाह रेड’ यांच्या संकरातून ‘भगवा’ हा वाण निवडला. जाड सालीचे, लालभडक दाण्यांचे हे फळ दूरचा प्रवास सोसते. साहजिकच ते परदेशी निघाले.

आंब्याचा मोहोर निसर्गाच्या मर्जीने येतो. डाळिंबाचा बहर मात्र शेतकरी ठरवितो. तो बागेचे पाणी तोडतो. याला ‘ताण देणे’ म्हणतात. झाड तहानेने पाने गाळते. मग छाटणी होते, खत पडते, पाणी सुटते आणि कळी धरते. मृग बहराची फळे हिवाळ्यात येतात, आंबे बहराची पावसाळ्यात, आणि हस्त बहराची उन्हाळ्याच्या तोंडी. कळीपासून फळापर्यंत पाच-सहा महिने जातात. या अवधीतील एक अवकाळी सर वर्षाची कमाई बुडवू शकते.

तशी ती बुडालीही. 2000 नंतरच्या दशकात ‘तेल्या’ रोगाने बागांत धुमाकूळ घातला. फळावर तेलकट, काळे डाग पडत, साल तडकत असे. 2005 साली सोलापुरात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र उभे राहिले. 2016 साली सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळाले. मान मिळाला, तरी संकट टळले नाही. पुढे मर रोग आणि खोड पोखरणारी कीड यांनी सांगोल्याकडील अनेकांना हाताने लावलेली झाडे हातानेच उपटावयास लावली.

येथे आपणां खाणाऱ्यांचाही थोडा वाटा आहे. परदेशच्या बाजारास डागरहित साल लागते. तेथे न खपणारे फळ आपल्या मंडईत येते. फांदीला घासून खरचटलेली किंवा फुलकिड्यांनी खरबरीत केलेली साल दिसली, की आपण ते फळ बाजूला सारतो. पण साल तडकलेली वा कुजलेली नसेल, तर आतला दाणा बहुधा तितकाच गोड असतो. फळ घेताना रंगापेक्षा वजन पाहावे. हाताला जड लागणारे डाळिंब रसाने भरलेले असते.

दिवाळीच्या मागोमाग मृग बहराच्या पाट्या मंडईत उतरू लागतात. तेव्हा चार डाळिंबे अधिक घ्यावीत, त्यांत दोन खरबरीत सालीची असू द्यावीत, आणि ती सोलताना त्या झाडाने सोसलेल्या तहानेची गोष्ट मुलांना सांगावी. दाणे गोड लागतीलच. शिवाय पुढच्या बहरासाठी बाग राखणाऱ्याला तेवढाच आधार होईल.