उतारवयातील आरोग्यविमा : जर्मनीतील वर्षांचा हिशेब

बाबासाहेबांनी १९२१ साली बॉन विद्यापीठात नाव नोंदवले, तेव्हा जर्मनीतील सक्तीचा आरोग्यविमा ३८ वर्षांचा झाला होता. १५ जून १८८३ चा हा कायदा बिस्मार्कने आणला तो कामगारांच्या कळवळ्यापेक्षा समाजवादी चळवळीच्या धास्तीने. वर्गणीचे दोन हिस्से कामगाराचे, एक मालकाचा. विम्याचे दार मुख्यतः कारखाने आणि खाणींकडे उघडत होते. शेतमजूर व घरकामगार देशभर त्यात आले ते १९११ च्या विमासंहितेने, प्रत्यक्षात १९१४ पासून.

१८८९ च्या कायद्याने ७० व्या वर्षी निवृत्तिवेतन आणि काम करण्यास असमर्थ झालेल्यांना अपंगत्ववेतन दिले. निवृत्तांना आरोग्यविम्याचे सभासदत्व मात्र १९४१ मध्ये मिळाले, म्हणजे नाझी राजवटीत. त्याच वर्षीच्या ऑगस्टपर्यंत त्या राजवटीने ७० हजारांहून अधिक अपंग व मनोरुग्णांना विषारी वायूने ठार केले होते. कल्याणाचा कायदा करणारे सरकार माणसाची प्रतिष्ठा मानतेच असे नाही, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

त्याच दशकात भारतात हा प्रश्न बाबासाहेबांच्या टेबलावर होता. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्यांच्याच खात्याने प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना सोपवली. १९४४ मध्ये अहवाल आला आणि १९४८ मध्ये राज्य कामगार विमा कायदा झाला. आज या योजनेत किमान पाच वर्षे विमाधारक राहून नियत वयाला निवृत्त झालेल्या कामगाराला, स्वतःसाठी व जोडीदारासाठी, वर्षाला १२० रुपये भरून उपचार मिळतात. पण आरंभी हे दारही कारखान्यापुरतेच होते. आपल्यापैकी अनेकांचे आजीआजोबा दुसऱ्यांच्या शेतात राबले. त्यांच्या श्रमाची वर्षे कोणत्याच विमापुस्तकात उमटली नाहीत.

जर्मनीतही पुढचा इतिहास वर्षे मोजण्याचाच आहे. निवृत्तांच्या विम्यासाठी कामकाळाचा किमान अर्धा भाग सभासदत्व हवे, असे १९७७ च्या कायद्याने ठरवले. १९८९ पासून अट बदलली : कामकाळाच्या उत्तरार्धाचा नऊ-दशांश भाग. १९९३ मध्ये त्यातून ऐच्छिक सभासदत्वाची वर्षे वगळली गेली. पगार ठरावीक मर्यादेपलीकडे असूनही सरकारी विम्यातच राहणारा नोकरदार ऐच्छिक सभासद असतो. आपल्या क्षेत्रातले बरेच जण याच वर्गात मोडतात. १५ मार्च २००० रोजी कार्ल्सरुहच्या घटना न्यायालयाने ही वगळणूक समतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवली आणि एप्रिल २००२ पासून ती वर्षे पुन्हा धरली जाऊ लागली. १९९३ ची तरतूद खर्च वाचवण्यासाठी होती. समतेपुढे ती टिकली नाही.

आपल्याला हा हिशेब वेगळा लागू होतो, कारण कामकाळ पहिल्या नोकरीपासून सुरू होतो, मग ती पुण्यात का असेना. पण भारतातील विम्याची वर्षे त्यात धरत नाहीत. १ मे २०१७ पासून लागू झालेला भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार निवृत्तिवेतनापुरता आहे. समजा, बाविसाव्या वर्षी नोकरीला लागलेली व्यक्ती ४८ व्या वर्षी येथे आली आणि ६७ व्या वर्षी निवृत्त झाली. कामकाळ ४५ वर्षे, उत्तरार्ध साडेबावीस, त्याचा नऊ-दशांश सव्वावीस. तिच्याकडे १९ च आहेत. मग ऐच्छिक सभासदत्व, आणि वर्गणी केवळ निवृत्तिवेतनावर नव्हे, गावाकडच्या घराच्या भाड्यावरही. मात्र ऑगस्ट २०१७ पासून प्रत्येक अपत्यामागे तीन वर्षे जोडली जातात, आईला आणि वडिलांनाही. एक मूल असले तरी हीच व्यक्ती २२ वर्षांवर पोहोचते.

तरुणपणी स्वस्त वाटणारा खासगी विमा निवडणाऱ्यांनी मात्र ५५ हे वय ध्यानात ठेवावे. दीर्घकाळ खासगी विम्यात राहिलेल्याला त्यानंतर सरकारी विम्यात परतणे बहुधा अशक्य होते. हा नियम जुलै २००० पासूनचा.

अपंगत्वाची वाट निराळी आहे. मान्यताप्राप्त कार्यशाळांत काम करणाऱ्या अपंगांना १९७५ च्या कायद्याने सक्तीच्या विम्यात घेतले. जे मूल अपंगत्वामुळे स्वतःचा निर्वाह करू शकत नाही, ते कुटुंबविम्यात वयाच्या मर्यादेविना राहू शकते. अट इतकीच की अपंगत्व कुटुंबविम्याच्या वयातच आलेले असावे. तीव्र अपंगत्वाची अधिकृत नोंद झालेल्या व्यक्तीला ऐच्छिक सभासद होता येते, पण स्वतः, आईवडील वा जोडीदार मागील पाचांपैकी तीन वर्षे सरकारी विम्यात असावे लागतात. काही विमासंस्था त्याला वयाची अटही घालतात. अर्जाची मुदत अपंगत्व अधिकृतपणे ठरल्यापासून तीन महिने.