क्रिप्टॉन, मुक्काम पोस्ट मालेगाव

१९७८ साली हॉलिवूडनं ख्रिस्तोफर रीव्हला आकाशात उडवलं, तेव्हा त्या चित्रपटावर साडेपाच कोटी डॉलर खर्च झाले. निळ्या पडद्यासमोर निळा पोशाख दिसेनासा होतो, म्हणून काही दृश्यांपुरता सुपरमॅनचा सदरा हिरवट निळ्या कापडाचा शिवावा लागला. तीसेक वर्षांनी हाच सुपरमॅन मालेगावात उडाला. चालत्या गाडीला आडवी दांडी बांधली, तिच्यावर यंत्रमागावर काम करणारा शफीक शेख हा सडपातळ तरुण पालथा झोपला आणि त्यानं दोन्ही हात पुढे केले. बाकीचं काम हिरव्या कापडानं केलं. मागे हिरवं कापड ताणून चित्रण करायचं आणि संगणकावर तेवढा हिरवा रंग काढून तिथे आकाश बसवायचं, ही क्रोमाची युक्ती. अंगावरचे कपडे निळे-तांबडे असल्यामुळे हिरवा पडदा सोयीचा पडला.

मालेगाव आज नाशिक जिल्ह्यात मोडतं. पण १८६९ साली नाशिक जिल्हा तयार झाला तेव्हा मालेगाव, बागलाण आणि नांदगाव हे तालुके खान्देशातून काढून त्याला जोडले गेले. धुळं तिथून पन्नासेक किलोमीटरवर, मुंबई-आग्रा रस्त्यावरच. मालेगावची गिरणा नदी पुढे जळगाव जिल्ह्यात उतरते. त्यामुळे मालेगावच्या सुपरमॅनची कुळकथा ही खान्देशाच्याच घरातली गोष्ट आहे.

मूळपुरुष मात्र अमेरिकेचा. क्लीव्हलँड शहरातल्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी तो रचला आणि १९३८ साली 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात तो छापून आला. दोघेही स्थलांतरित ज्यू कुटुंबांतले. त्यांनी जमवलेला मालही ठिकठिकाणचा होता. ग्रहाचं नाव क्रिप्टॉन. हे ग्रीक नाव १८९८ साली शोधल्या गेलेल्या एका वायूला आधीच मिळालेलं होतं. नायकाच्या शहराचं नाव मेट्रोपोलिस, आणि याच नावाचा फ्रिट्झ लांगचा जर्मन चित्रपट १९२७ साली येऊन गेला होता. शुस्टरचा जन्म टोरंटोचा, म्हणून शहराची चित्रं काढताना तेच शहर त्याच्या डोळ्यांपुढे होतं. सुपरमॅनचं क्रिप्टॉनवरचं नाव सुरुवातीला काल-एल असं नुसत्या एका रोमन अक्षरावर संपत असे. त्याच्यावरच्या १९४२ सालच्या कादंबरीत त्या अक्षराच्या जागी 'एल' हा पूर्ण शब्द आला. हिब्रूत त्याचा अर्थ देव. अमेरिकेचा म्हणून जगानं ओळखलेला हा नायक असा चार देशांच्या चिंध्यांचा बनलेला होता.

परक्या भाषा आणि संस्कृती मिसळून जग उभं करण्याची ही रीत विज्ञानकथेनं पुढे चांगलीच मुरवली. फ्रँक हर्बर्टच्या 'ड्यून'मधले (१९६५) वाळवंटी लोक अरबी वळणाचे शब्द बोलतात. 'ब्लेड रनर'मध्ये (१९८२) लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर जपानी, जर्मन, हंगेरियन अशा भाषांची खिचडी ऐकू येते. मराठीतही परक्या मालाची आवक जुनीच. विसाव्या शतकाच्या आरंभी ज्यूल व्हर्नची चांद्रसफर 'केरळ कोकीळ' मासिकातून मराठीत उतरली. जयंत नारळीकरांच्या कथासंग्रहाचं 'यक्षांची देणगी' हे नाव तर थेट आपल्या पुराणांच्या कोठारातलं. पण हे सगळं छापील पानावर, शिकलेल्या वाचकांसाठी. मालेगावात जे झालं त्यामागे पुस्तक नव्हतं, व्हिडिओ कॅसेट होती.

नासिर शेख यांचं मालेगावात व्हिडिओ पार्लर होतं. तिथे ब्रूस ली, जॅकी चॅन, चॅप्लिन, बस्टर कीटन असे परदेशी पाहुणे लागत. कंटाळवाणा भाग कापायचा, मारामारीचा दुसऱ्या चित्रपटातून उचलून जोडायचा, असे उद्योग करता करता ते व्हीसीआरवर संकलन शिकले. गावाचं वेळापत्रक या धंद्याला पोषक होतं. यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात आणि आठवडाभर मागाच्या खडखडाटात राबलेला कारागीर त्या दिवशी पडद्यासमोर येऊन बसायचा. २००० साली नासिर यांनी स्वतःचा 'मालेगाव के शोले' काढला. खर्च सुमारे ५० हजार रुपये. कॅमेरा पुढे सरकवायला सायकल, वर उचलायला बैलगाडी. पडद्यावरचे चेहरे गल्लीतलेच होते आणि गावानं चित्रपट डोक्यावर घेतला. मग 'शान'ची मालेगावी आवृत्ती आली, आणि विडंबनपटांचा रीतसर धंदाच सुरू झाला.

याच धंद्यात पुढे सुपरमॅनची पाळी आली. पण तो भारतात पहिल्यांदा मालेगावनं आणला असं नाही. १९६० साली जयराज मुंबईच्या पडद्यावर सुपरमॅन झाले होते, १९८७ साली पुनीत इस्सर. ८७च्या चित्रपटात तर उडण्याची दृश्यं हॉलिवूडच्या चित्रपटातून उचललेली होती. मुंबईनं पोशाख आणला, कथा आणली आणि पाहुण्याला पाहुणाच ठेवलं.

मालेगावनं त्याला गावचे नियम लावले. इथला सुपरमॅन हडकुळा, कारण मागावर राबणारं शरीर तसंच असतं. त्याच्या लाल चड्डीची नाडी बाहेर लोंबते. त्याच्याशी झुंजणाऱ्या खलनायकाला जग जिंकायचं नाही. त्याचं प्रेम घाणीवर आहे. ज्या गावात उघडी गटारं, कचऱ्याचे ढीग आणि तंबाखूच्या पिचकाऱ्या रोज नजरेस पडतात, तिथे एवढा खरा खलनायक परग्रहावरून आणूनही मिळाला नसता. विज्ञानकथेतलं जग पटतं ते तिथल्या हवापाण्याचा पात्रांवर परिणाम दिसतो तेव्हा. या कसोटीवर मालेगावचा सुपरमॅन मुंबईच्या दोन्ही सुपरमॅनांपेक्षा सरस ठरतो.

भाषेचंही तसंच. मालेगावचे बहुतेक विणकर १८५७च्या धामधुमीनंतर उत्तर हिंदुस्थानातून आले. त्यांची उर्दू इथल्या मराठी-अहिराणीच्या शेजारात वाढली आणि तिच्यावर चित्रपटांची मुंबई हिंदी चढली. शेजारची अहिराणीही कोणत्या एका कप्प्यात बसणारी नाही. 'शे', 'घरमा', 'मना-तुना' ही रूपं ऐकली की गुजरातीची सोयरीक लगेच कळते. भाषा अभ्यासक ग्रिअर्सननं १९०७ साली भाषा सर्वेक्षणाच्या खंडात खान्देशीला मराठीसोबत न ठेवता भिल्ली बोल्यांच्या पंक्तीत बसवलं, आणि तिचं कूळ कोणतं यावर अभ्यासक अजून वाद घालतात. 'ब्लेड रनर'वाल्यांना जी खिचडी मुद्दाम शिजवावी लागली, ती धुळे-मालेगावच्या बाजारात रोज आयती मिळते. फरोग जाफरींसारख्या इथल्या चित्रपटलेखकांना सुपरमॅनसाठी वेगळी भाषा घडवण्याची गरजच नव्हती.

हे सगळं घडत असताना फैजा अहमद खान यांचा कॅमेरा तिथे हजर होता, म्हणून आज एवढं सांगता येतं. त्यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट २००८ साली तयार झाला. चित्रण चालू असतानाच कॅमेरा पाण्यात पडतो, मध्येच शफीकचं लग्न येतं आणि काम थांबतं, हे सगळं त्यात आहे. २०११ साली शफीक शेख तोंडाच्या कर्करोगानं गेले. पुढच्या वर्षी माहितीपट देशातल्या चित्रपटगृहांत लागला. २०२५च्या फेब्रुवारीत रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' आला आणि नासिर, शफीक, फरोग ही गल्लीतली नावं देशभर पोचली.

वंशही पुढे वाढला. पार्लरं बंद पडली, मोबाइल आले आणि मालेगावचा विनोद यूट्यूबवर गेला. छोटू दादा या विनोदी नटाच्या चित्रफिती तिथे कोट्यवधी वेळा पाहिल्या जातात, आणि शीर्षकात 'खान्देश' हा शब्द ठसठशीत असतो. १८६९ साली कागदावर तुटलेलं नातं बाजारानं असं परत जोडून घेतलं.

मात्र सुरुवातीच्या काळातले हे चित्रपट व्हिडिओ टेपवर आहेत. टेपवरचा चुंबकीय थर उष्णतेनं आणि दमटपणानं खराब होतो, आणि खान्देशात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. धुळ्यात इतिहासकार वि. का. राजवाड्यांच्या निधनानंतर उभं राहिलेलं संशोधन मंडळ जुनी कागदपत्रं जपतं. जळगावला १९९०पासून विद्यापीठ आहे आणि ते आता कवयित्री बहिणाबाईंच्या नावानं ओळखलं जातं. मालेगावात ज्यांच्या माळ्यावर अशा कॅसेट असतील त्यांच्याकडून त्या मिळवून त्यांच्या संगणकीय प्रती करणं आणि या चित्रपटांत काम केलेल्या कारागिरांच्या मुलाखती ते हयात आहेत तोवर नोंदवणं, हे काम या दोन संस्थांनी आता हाती घ्यावं.