रिमच्या रेषेखाली

दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिसच्या पूर्वेकडील मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांत जुन्या शेव्हरोले गाड्या खाली बसवण्याची प्रथा रुजली. त्यासाठी ना खास गॅरेज होते, ना दुकानात तयार सामान. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे डिकीत वाळूची किंवा सिमेंटची पोती टाकणे. मागचे पाटे वजनाने दबत, गाडीची शेपटी खाली येई आणि पोती काढली की गाडी पूर्ववत होई. कायमचा बदल हवा असेल तर मागच्या अॅक्सल आणि पाट्यांच्या मध्ये लोखंडी ठोकळा बसवायचा. पुढच्या बाजूला गुंडाळीची स्प्रिंग असे. तिचा एखादा वेढा कापून टाकायचा, किंवा गॅसच्या ज्योतीने ती लालबुंद करून गाडीच्याच वजनाखाली बसू द्यायची. जॅक, करवत, गॅसचा टॉर्च आणि हाताशी एखादा भाऊ वा शेजारी एवढ्यावर हे काम घरामागच्या अंगणात उरकत असे. या साध्या कामाला पुढे कायद्याने गाठले आणि त्यातून लोरायडर नावाची एक संपूर्ण कला उभी राहिली. सरकारने बंदी घातली म्हणून लोकांनी युक्ती काढली, असा हा इतिहास सहसा सांगितला जातो. माझ्या मते त्यातला महत्त्वाचा भाग वेगळा आहे. कायद्याने मोजण्यासाठी चुकीची गोष्ट निवडली, आणि पुढचे बरेचसे त्या निवडीतून घडले.

गाडी खाली का आणायची, हे आधी पाहायला हवे. त्याच काळात कॅलिफोर्नियातले हॉट रॉडवाले तरुण वाळलेल्या सरोवरांच्या सपाट तळांवर वेगाच्या शर्यती लावत होते. त्यांचे सगळे लक्ष इंजिनावर. लोरायडरचा ओढा नेमका उलट दिशेला होता. पूर्वेकडच्या व्हिटियर बुलेवार्ड या रस्त्यावरून गाडी इतक्या सावकाश न्यायची की रंग, क्रोम आणि आत बसलेली माणसे पदपथावरच्या प्रत्येकाला नीट दिसावीत. १९४३ च्या जून महिन्यात याच शहरात सुट्टीवरच्या नौसैनिकांनी झूट सूट हा ढगळ पोशाख घातलेल्या मेक्सिकन-अमेरिकन पोरांना रस्त्यात गाठून मारले होते, त्यांच्या अंगावरचे कपडे फाडले होते. त्या घटनेनंतर काही वर्षांतच त्याच समाजातले तरुण नटवलेली गाडी घेऊन, घाई न करता, भर रस्त्याने जाऊ लागले. सार्वजनिक जागेत आपणही आहोत, हे सांगण्याचा तो एक मार्ग होता, असे मी मानतो.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यात नियम आला, पुढे कलम २४००८ म्हणून ओळखला गेलेला. फेरफार करून गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली आणला असेल, तर ती रस्त्यावर चालवता येणार नाही. कलमात कोणत्याही समाजाचे नाव नव्हते. पण रस्त्याकडेला उभ्या पोलिसाला डोळ्यांनी तपासता येईल अशी एक रेघ त्याने आखून दिली. तिला उत्तर म्हणून सॅन बर्नार्डिनो भागातल्या रॉन अगीरे यांनी १९५९ मध्ये आपल्या कॉर्व्हेटला विमानातले पेस्को कंपनीचे हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्ह बसवले. बटण दाबले की गाडी वर, कायदेशीर उंचीला. व्हॉल्व्हने दाब सोडला की खाली. दक्षिण कॅलिफोर्निया हे विमान उद्योगाचे माहेरघर असल्याने लष्कराने काढून टाकलेले असे सुटे भाग तिथल्या भंगार बाजारात स्वस्तात मिळत, आणि ते हाताळू शकणारी माणसेही त्याच वस्त्यांत होती. शेव्हरोलेने १९५८ मध्ये आणलेली इम्पाला या कामाला फार सोयीची ठरली. १९६४ पर्यंत तिची चेसिस इंग्रजी एक्स अक्षराच्या आकाराची होती आणि चारही चाकांना गुंडाळीच्या स्प्रिंगा होत्या, त्यामुळे प्रत्येक स्प्रिंगपाशी सिलिंडर बसवता येई. पुढे ट्रकच्या मागची फळी उचलणारे पंप वापरात आले आणि डिकीत बॅटऱ्यांची रांग लागली. सिलिंडरला जागा करायला स्प्रिंग कापावीच लागे, म्हणजे अंगणातली जुनी करवत या नव्या यंत्रणेतही राहिलीच.

यावर पहिला आक्षेप असा की कायद्याला इतके श्रेय देण्यात अर्थ नाही. गाडी खाली बसवणे लोरायडरांनी शोधलेले नव्हते. जॉर्ज बॅरिस यांच्यासारखे गाड्या नटवणारे कारागीर तेच करत होते, आणि सित्रोएनने १९५५ च्या डीएस मॉडेलमध्ये उंची बदलणारी हायड्रॉलिक यंत्रणा कारखान्यातूनच दिली होती. ही वस्तुस्थिती मला मान्य आहे. अति खाली बसवलेली गाडी चढावर किंवा फाटकाशी घासते, त्यामुळे उंची बदलण्याची गरज कायद्यावाचूनही होतीच. पण गरज असणे वेगळे आणि हजारो घरगुती कारागिरांनी तो खर्चिक, किचकट मार्ग धरणे वेगळे. वर गेलेली गाडी कायद्याच्या नजरेत निर्दोष ठरते, हे कलमाने स्वतःच ठरवून दिले होते. फक्त उंची मोजणाऱ्या नियमाला उंची बदलणारे यंत्र हे सरळ उत्तर होते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: नियम सुरक्षेसाठी होता. टायर फुटून गाडी रिमवर आली आणि चेसिसचा एखादा भाग रिमच्याही खाली असला, तर तो रस्त्याला टेकतो आणि सुकाणू हातात राहत नाही. रिमची रेघ निवडण्यामागे हे खरे तांत्रिक कारण आहे, आणि ते झटकून टाकणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. परंतु घरी स्प्रिंग कापणाऱ्याचा मोठा धोका त्या रेघेच्या वरच सुरू होतो. स्प्रिंगचा ताठरपणा वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. आठ वेढ्यांपैकी दोन कापले की ती सुमारे एक तृतीयांशाने ताठर होते; शिवाय चाकाला वर सरकायला जागा कमी उरते, शॉकअब्जॉर्बर त्या ताठरपणासाठी बनलेला नसतो, आणि खड्ड्यावर चाक उचलले गेले तर आखूड स्प्रिंग आपल्या बैठकीतून सुटू शकते. ज्योतीने तापवलेली स्प्रिंग याहून वाईट, कारण पोलादाला कारखान्यात दिलेले पाणी उतरते. डावी-उजवी बाजू सारखी बसत नाही, पुढे ती आणखी खचते किंवा तडकते. अशी गाडी रिमच्या रेघेवर बोटभर उंच असली तर कलम २४००८ प्रमाणे तिच्यात काहीच गैर नव्हते. उलट नेटके ठोकळे, योग्य शॉकअब्जॉर्बर आणि मजबूत जोडणी असलेली, पण रेघेखाली गेलेली गाडी गुन्हेगार ठरे. डोळ्यांना दिसते तेवढेच मोजायचे ठरवले की हे होणारच.

मापाबद्दलची माझी शंका पुढच्या घटनांनी बळावते. १९७७ मध्ये सॅन होजेमधून 'लोरायडर' मासिक निघू लागले आणि ही कारागिरी घराघरांतून छापील पानांवर आली. दोन वर्षांनी, १९७९ मध्ये, व्हिटियर बुलेवार्डवरचे रात्रीचे फेरफटके बंद पाडण्यात आले. १९८० च्या दशकात राज्याने शहरांना सावकाश फिरण्यावरच बंदी घालण्याची मुभा दिली; नॅशनल सिटी या शहराने १९९२ मध्ये तशी बंदी घातली. एकाच रस्त्यावरून ठराविक वेळात पुन्हा पुन्हा जाणे हा गुन्हा झाला, गाडी कितीही सुरक्षित असो. उंचीच्या नियमामागे निदान टायर फुटण्याचे कारण होते. इथे तर चालवणाराच नको होता. नॅशनल सिटीने ती बंदी २०२३ मध्ये उठवली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी विधेयक ४३६ वर सही केली, आणि १ जानेवारी २०२४ पासून फेरफटक्यांवरच्या स्थानिक बंद्या व रिमच्या रेघेचा नियम दोन्ही संपले. एव्हाना स्मिथसोनियनच्या राष्ट्रीय अमेरिकन इतिहास संग्रहालयात न्यू मेक्सिकोतली 'डेव्हज ड्रीम' ही १९६९ ची फोर्ड लोरायडर येऊन बरीच वर्षे झाली होती. बंद्या आणि नियम रद्द करण्याचा निर्णय मला योग्य वाटतो. मात्र कापलेल्या स्प्रिंगची तपासणी त्या कलमाने कधीच केली नव्हती आणि ते गेल्यानेही सुरू झालेली नाही. कॅलिफोर्नियात खासगी गाडीचा धूर ठराविक काळाने तपासला जातो. पण स्प्रिंगचे किती वेढे शिल्लक आहेत, हे पाहण्याचे काम अजूनही ती कापणाऱ्याकडेच आहे.