मलिकंबर : सेनानी व कारभारी

हवाई दलांतील वरिष्ठ अधिकाऱ्यानें निवृत्तीनंतर विमानांचा किंवा विमानतळांचा नागरी कारभार हातीं घ्यावा, हें आतां नवलाचें राहिलें नाहीं. एअर चीफ मार्शल प्रतापचंद्र लाल हे १९७३ सालीं हवाई दलाच्या प्रमुखपदावरून निवृत्त झाले व पुढें इंडियन एअरलाइन्सचे अध्यक्ष झाले. तरवार व कारभार दोन्ही चालविणाऱ्या पुरुषाचें जुनें उदाहरण आमच्या प्रांतांत शोधावयाचें, तर वेरूळचा घाट चढून खुलताबादेस जावें. तेथें मलिकंबराची कबर आहे.

अंबर जन्मानें हबशी. गुलाम म्हणून विकला जाऊन तो दक्षिणेंत आला आणि निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याच्या पदरीं राहिला. इ. स. १६०० त मोगलांनीं अहमदनगर घेतल्यावर दुसऱ्या मुर्तजास गादीवर बसवून त्यानें बुडतें राज्य सावरलें. १६१० च्या सुमारास त्यानें खडकी वसविली. तीच पुढें औरंगाबाद व २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. तिला पाणी पुरविण्यास जमिनीखालून नहर आणला. मुलखांत इजाऱ्याची पद्धत मोडून, जमिनीची प्रत व पीक पाहून धारा बसविला आणि वसुलाचा संबंध गांवच्या पाटलाशीं जोडला.

लढवय्या अंबर निराळा व कारभारी अंबर निराळा, अशी विभागणी पुष्कळ करतात. आम्हांस ती पटत नाहीं. ज्याच्या फौजेचा सारा भर चपळ घोडदळावर, त्यास रोकड व वैरण वेळच्या वेळीं पाहिजे; उजाड गांवांतून ती येणार कोठून? भातवडीचा प्रसंग पाहा. १६२४ त मोगल व आदिलशाही फौजा एकत्र चालून आल्या, तेव्हां अंबरानें तेथील तलाव फोडून त्यांच्या वाटेंत चिखल केला. खडकीस नहर आणणारा तोच हा हात! वेरूळच्या भोसल्यांपैकीं शहाजीराजे या लढाईंत त्याच्या बाजूनें लढले, व त्यांचे बंधु शरीफजी पडले. १६२६ त मृत्यु येईपर्यंत अंबरानें तरवार खालीं ठेविली नाहीं, हा मात्र लालांहून भेद.

आमचें म्हणणें खरें ठरावयाचें, तर तें गांवगन्ना हिशेबांवरून ठरेल. उत्तरकालीन मराठी कागदांत ‘मलिकंबरी’ धाऱ्याचा उल्लेख येतो, पण तो मागील वहिवाटीचें स्मरण म्हणून. आणि आम्ही संग्राहक (यांत आम्हीही आलों) मोहोरेची सनद तेवढी जपतों. बारीक मोडीच्या फर्दा वाण्याच्या पुड्यांस जातात. वेरूळ, खुलताबाद, दौलताबाद या बाजूस अशा फर्दा कोणापाशीं असल्यास पाठीवरील शेऱ्यांसह जशीच्या तशी नक्कल करावी. शुहूर सनांत ५९९ किंवा ६०० मिळविल्यानें इसवी सन निघतो. फसली सन मात्र दक्षिणेंत शाहजहानाच्या अमलांत, अंबराच्या मागून आला. सबब अंबरकालीन म्हणून पुढें आलेल्या फर्देवर मूळ हातचा फसली सन असेल, तर ती मागाहून लिहिलेली समजावी.